टोमॅटोच्या पानांचा हिवाळा

डिसेंबर लागला की आमच्या 'खासगी बाजार' पेठेत टोमॅटोच्या हातगाड्या उभ्या राहतात आणि माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना ग्वाल्हेरचा हिवाळा म्हणजे तिळाची गजक, रजई आणि धुक्यात बुडालेला किल्ला. मला हिवाळा म्हणजे एक वास. टोमॅटोचा नव्हे, टोमॅटोच्या पानांचा. परवा भाजी घेताना एका टोमॅटोच्या देठाला कोवळं पान लटकून आलं होतं. हात लावायचा नाही असं ठरवेपर्यंत बोटांनी ते चुरडलंसुद्धा. हिरवा, उग्र, किंचित कडवट असा तो वास नाकात शिरला आणि भर बाजारात माझी चिडचिड सुरू झाली. "पत्ता हटा दूँ, मैडम?" भाजीवाल्यानं विचारलं. "हटा दो," मी म्हटलं, आणि ते इतक्या तुटकपणे म्हटलं की त्यानं पान काढलंच, वर टोमॅटोही बदलून दुसरा घातला.

त्या वासाशी माझं भांडण जुनं आहे. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते तेव्हाचं. टोमॅटोच्या पानांत औषधी गुणाची कोणती संयुगं आहेत ते शोधायचं, हा माझा विषय. तो सरांनी दिला होता. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. निवृत्तीला आलेले, आणि खडूनं फळ्यावर रेणूंचे षट्कोन काढायला लागले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होतील असे शिक्षक. "फल तो सब खाते हैं, वृंदा," ते म्हणाले होते, "पत्तों को कौन पूछता है? पौधा कीड़ों से लड़ने का सारा सामान पत्तों में ही रखता है। वहाँ देखो।" त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. टोमॅटोच्या पाल्याला गुरंसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. ज्याच्यापासून जनावर लांब राहतं त्यात काहीतरी असणारच, असं मलाही वाटलं. त्या वयात 'काहीतरी' या एका शब्दावर माणूस वर्षं काढायला तयार असतो.

पानं मी शहराच्या टोकाला असलेल्या हजीरा वस्तीच्या पलीकडच्या मळ्यांतून आणायचे. सकाळचं धुकं इतकं दाट की वाफ्याच्या दुसऱ्या टोकाची बाई दिसायची नाही, तिचा खोकला तेवढा ऐकू यायचा. पानांवर दव, बोटं गारठलेली. थोडा वेळ तोडत राहिलं की हाताला पिवळट हिरवी पुटं चढायची, मग ती काळी पडायची. घरी येऊन साबण लावला की फेस पिवळा. पुन्हा लावला, पुन्हा पिवळा. जेवताना पोळीला तो वास, रजईला तो वास. आई ताटावरून म्हणायची, "हात नीट धुतलेस का गं? वरणालाच कसला वास येतोय." मी दोनदा धुतले म्हणून सांगायचे आणि ती विश्वास नसल्यासारखी बघायची. 

मग वाळवणं. ही पानं उन्हात वाळवून चालत नाही, आतली नाजूक संयुगं उन्हानं मोडतात. सावलीत वाळवायची. ग्वाल्हेरच्या जानेवारीत सावलीत माणूस वाळत नाही, पान कुठून वाळणार? आईच्या जुन्या सुती साड्यांवर मी पानं पसरायचे, उलथायचे, पुन्हा पसरायचे. सलग धुकं पडलं की त्यांच्यावर पांढरी बुरशी. सगळी फेकून द्यायची आणि पुन्हा मळ्यात जायचं. आमची पडवी तेव्हा एखाद्या आजारी बागेसारखी दिसायची.

प्रयोगशाळेतलं काम मात्र सुंदर होतं, ते नाकारून चालणार नाही. वाळल्या पानांची पूड मेथॅनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. उरतो तो गडद हिरवा, डांबरासारखा चिकट अर्क. मग पांढऱ्या सिलिकानं भरलेली उंच काचेची नळी. वरून अर्क सोडायचा, त्यावर द्रावक ओतत राहायचं, आणि खाली थेंब थेंब पडणारं काय ते परीक्षानळ्यांत धरत बसायचं. हिरवा अर्क खाली उतरताना फाटत जातो. आधी केशरी पट्टा, मग हिरवा, मग दुसरा हिरवा, मग मातकट. थेंब पडायची वाट बघत मी स्टुलावर बसलेली असायचे, पायांत मोज्यांवर मोजे. वीज गेली की खिडकीशी जायचं, आली की परत. प्रत्येक नळीतला थेंब छोट्या प्लेटवर चढवून अतिनील दिव्याखाली धरायचा. त्या दिव्याखाली हिरवं हिरवं राहत नाही, लालभडक पेटतं. किती वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी वाटायचं, पानानं आपल्याला फसवलं, हे तर आतून लाल होतं.

त्या लालाच्या बाजूला, अगदी स्वच्छ जागी, एक गडद डाग यायला लागला. दर खेपेला. गोल, एकटा, नेमका. त्या नळ्यांमधलं द्रावक उडवून टाकलं की तळाशी पिवळसर तेलकट थेंब उरायचा. आधी माहीत असलेल्या कुठल्याच नमुन्याशी तो जुळेना. सरांना प्लेट दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्लेट डोळ्यांजवळ नेली आणि तिरकी करकरून पाहिली. मग म्हणाले, "अकेला है, बहुत सुंदर है।"

दरम्यान पानांच्या कच्च्या अर्काची एक साधी चाचणी झाली होती. अंड्याचा पांढरा भाग तापवला की गढूळ होतो. सूज कमी करण्याचा गुण एखाद्या पदार्थात असेल तर तो घातल्यावर गढूळपणा कमी होतो, असा ठोकताळा आहे. आमच्या अर्कानं तो कमी केला. एवढंच. काचेच्या नळीत, अंड्यात. माणसात नाही, उंदरातही नाही.

त्याच आठवड्यात विभागात कसलासा कार्यक्रम होता आणि त्याची बातमी घ्यायला एक वार्ताहर आला. सरांनी त्याला चहा दिला आणि उत्साहाच्या भरात आमच्या डागाबद्दल सांगितलं. त्यांना प्रसिद्धी हवी होती असं मला आजही वाटत नाही. इतकी वर्षं षट्कोन काढून झाल्यावर एक नवा षट्कोन त्यांना स्वतःचा हवा होता. वार्ताहरानं मला नळीशेजारी उभं करून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'टमाटर के पत्तों से ठीक होगा गठिया', म्हणजे संधिवात. खाली मी, हातात परीक्षानळी, हसतेय.

आईनं ते कात्रण काचेखाली ठेवलं. आणि आमच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या सासूचे खांदे. क्ष-किरण फिल्मची मोठी पाकिटं घेऊन लोक आमच्या पायऱ्यांवर बसायचे. मी प्रत्येकाला सांगायचे की औषध तयार झालेलं नाही, अजून फक्त शोध चालू आहे. ते नम्रपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "तो दिन में कितनी बार लेना है?" आई आतून म्हणायची, "अगं, सरळ मना करून दे ना." मना करूनच देत होते की.

त्यांच्यात रामसेवकजी होते. हजीऱ्याला राहायचे. तिथली कापड मिल बंद पडल्यावर घरीच शिलाईचं काम करणारे, सडपातळ, मफलर कानांवरून घट्ट गुंडाळलेला. पत्नी सरोज यांना जुना संधिवात होता. ते पुन्हा पुन्हा आले. काही मागायचे नाहीत. पायरीवर बसून म्हणायचे, "बिटिया, आप अपना काम कीजिए। जब तैयार हो जाए, तब बता दीजिएगा।" नाही म्हणायला काही जागाच ठेवायचे नाहीत, म्हणून मला त्यांचा सगळ्यांत जास्त वैताग यायचा.

तो तेलकट थेंब आम्ही तपासणीसाठी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथलं यंत्र रेणूचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची वजनं आलेखावर मांडतं. आलेख आला. त्यात एकशे एकोणपन्नास या आकड्यावर ताडासारखा उंच सुळका होता. रसायनशास्त्र शिकलेला माणूस तो सुळका बघताच ओळखतो. तो थॅलेटचा असतो. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळतात ते तेल, आणि ते द्रावकात सहज उतरतं.

मी आलेख सरांच्या टेबलावर ठेवला. ते तो बघत राहिले.

"पौधों में भी मिलता है," ते म्हणाले. "कितने ही लोगों ने लिखा है।"

"सर, लिहिलंय," मी म्हटलं, मग भान येऊन हिंदीत आले. "लिखा है, सर। पर हमारे सॉल्वेंट के कैन प्लास्टिक के हैं। जोड़ने वाली ट्यूब भी प्लास्टिक की।"

"तो? इतनी मेहनत प्लास्टिक के लिए की है क्या?"

ते चिडून म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते.

मग मी तो प्रयोग केला जो सगळ्यांत आधी करायला हवा असतो आणि जो करायला आमच्याकडे कधीच पुरेसं द्रावक नसायचं. सगळं तसंच, फक्त पानांशिवाय. रिकामं द्रावक भरून ठेवलं, गाळलं, आटवलं, नळीतून सोडलं. ज्यात काहीच नाही त्याचा थेंब प्लेटवर चढवला आणि शेजारी आमचा लाडका थेंब. आयुष्यात पहिल्यांदा मी दिव्याखाली काहीही दिसू नये म्हणून डोकावत होते. दोन्हीकडे डाग होता. गोल, एकटा, नेमका. पानं नसतानाही.

प्लेट सरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला नाही. "ठीक है," म्हणाले, "दोबारा करेंगे। काँच में।" बातमीचं काय, असं मी विचारलं. "अख़बार की बात लोग चार दिन में भूल जाते हैं," ते म्हणाले आणि खिडकी बंद करायला उठले.

लोक विसरले नव्हते. हजीऱ्याला मी स्वतःच गेले, कारण सगळ्यांत जास्त वाट बघणारा माणूस तिथे होता. रामसेवकजींच्या दाराबाहेर फुटक्या माठांत टोमॅटोची रोपं होती, आणि प्रत्येक रोप खालून सोललेलं. पानं वरच तेवढी. मला बघून ते हरखले. सरोजजी आतून आल्या, भिंतीला हात लावत, पण चालत आल्या.

"आराम है बेटी," त्या म्हणाल्या. "सुबह उबाल के पीती हूँ। कड़वा है, जी मिचलाता है, पर आराम है।"

मी सांगितलं की पानांत औषध सापडलेलं नाही, जे सापडलं ते प्लास्टिक होतं. पानं उकळून प्यायची नाहीत, त्यांत पोटाला अपायकारक द्रव्यंही असतात. त्या हसल्या. "अब आप तो ऐसे ही कहेंगी।" थंडी ओसरायला लागली होती, सांधे तसेही मोकळे झाले असते. हे मी समजावत असताना माझं लक्ष फळीवर गेलं. गोळ्यांची पाकिटं रबर लावून बाजूला ठेवलेली.

"गोळ्या? दवा ले रही हैं न?"

"बंद कर दी," रामसेवकजी म्हणाले. "उनसे पेट ख़राब होता था। अब जब पत्ता मिल गया तो..."

तिथे माझा आवाज चढला. कुणाच्या घरी जाऊन मी अशी बोलले नव्हते. तो आजार हाडं वाकवतो, दुखणं कमी वाटलं तरी आत चालू राहतो, गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायच्या नसतात, सगळं एका दमात. दोघं शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर सरोजजींनी माझ्यासमोर तळलेल्या मठरीची बशी सरकवली. "आपकी फोटू छपी थी," त्या म्हणाल्या, जणू मी माझ्याच बाजूचा पुरावा विसरत होते.

मी तडक त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. उपसंपादक माझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल. त्यानं नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली. मग म्हणाला, "मैडम, इसमें ख़बर क्या है? मिल गया, ये ख़बर है। नहीं मिला, ये तो रोज़ का है।" तो कुत्सितपणे बोलला नाही आणि म्हणूनच मला भांडता आलं नाही. सरांनी पत्र दिलं तर बघू, म्हणाला. सर पत्र देतो म्हणाले आणि त्यांच्या निवृत्तीचा समारंभ होऊन गेला तरी ते लिहायचंच राहिलं.

त्या उन्हाळ्यापर्यंत मी हजीऱ्याला जात राहिले. कधी मित्राची वैद्यकीय शिकणारी बहीण सोबत नेली, कधी नुसतीच गेले. उपयोग झाला नाही. शेवटी सरोजजींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण माझ्या बोलण्यानं नाही. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले आणि माठातली रोपं वाळून गेली. बाजारातही पाला मिळेना. पानंच नाहीत म्हटल्यावर त्या डॉक्टरकडे गेल्या. मी इतके महिने घसा फोडून जे करू शकले नाही ते उन्हानं करून टाकलं. तोवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. गोळ्या चालू असत्या तर ती वळली नसती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही. हे 'सांगता येत नाही' किती वर्षं झाली, मला नीट झोपू देत नाही आणि नीट रडूही देत नाही.

पुढच्या हिवाळ्यात सगळं काचेत केलं. पुन्हा मळा, पुन्हा पिवळा फेस, पुन्हा पडवीत बुरशी. सर निवृत्त झाले होते, तरी अधूनमधून स्वेटर घालून येऊन बसायचे. या खेपेला जे सापडलं ते स्वच्छ होतं, खरं होतं, आणि सगळंच्या सगळं आधी कुणीतरी शोधून ठेवलेलं होतं. टोमॅटिन, रुटिन, क्लोरोजेनिक आम्ल. जगभरच्या पुस्तकांत असलेली नावं. टोमॅटोच्या पानात टोमॅटोच्या पानात असतं तेच होतं, हे मी अत्यंत काळजीपूर्वक सिद्ध केलं आणि त्यासाठी मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काम फार नीटनेटकं असल्याचं सांगितलं. नीटनेटकं. आई पेढे वाटत होती आणि मी तोच शब्द मनात घोळवत होते.

आता मी शिकवते. मुलींना सांगते, आधी रिकामं द्रावक चालवून बघा. त्या वहीत लिहून घेतात आणि कंटाळतात. खरं तर त्यांनाही ते चकचकीत डाग बघायचे असतात, त्यात त्यांची काय चूक? कधी वाटतं, त्या पानांत अजून काही असेल, माझ्या नळीतून न उतरलेलं. असू शकेल. मोठी यंत्रं असलेला कुणी उद्या शोधेलही. पण मी नाही शोधलं, एवढं साधं वाक्य लोकांच्या गळी उतरवायला शोधण्यापेक्षा जास्त मेहनत का पडावी, हे मला अजून कळलेलं नाही.

कारण ती बातमी अजून फिरते. दर हिवाळ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर येते. आता तिच्यात हळद आणि लसूणही मिसळलीय. फोटो तोच.

गेल्या रविवारी दुपारी दार वाजलं. रामसेवकजी होते. केस पार पिकलेले, मफलर कानांवरून घट्ट. मागे त्यांच्या गल्लीतले एक गृहस्थ, हातात मोबाइल. "बिटिया, ये मान नहीं रहे," रामसेवकजी म्हणाले. "माँ को पत्ते पिलाने जा रहे थे। हमने कहा, चलो, उन्हीं के मुँह से सुन लो।"

मी दोघांना बसवलं आणि सांगितलं. पानांत औषध सापडलं नव्हतं, डाग प्लास्टिकचा होता, आईच्या गोळ्या बंद करू नका. पाठ झालेलं बोलणं आहे ते. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मोबाइलमधल्या हसऱ्या मुलीकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "समझ गए। किसी कंपनी को दे दिया होगा आपने। आजकल सब ऐसे ही होता है।"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रामसेवकजी उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना वरच्या पट्टीत बोलताना ऐकलं नव्हतं.

"हमने भी यही सोचा था, भैया," ते म्हणाले. "कि छिपा रही हैं। पूरी सर्दी यही सोचते रहे। चलो, हमारी घरवाली का हाथ देख लो, फिर बोलना। जब ये कह रही हैं कि नहीं है, तो नहीं है। इसमें कौन-सी बात समझ में नहीं आती?"

म्हणजे मी लपवतेय असं त्यांना वाटत होतं. पायरीवर बसून, 'आप अपना काम कीजिए' म्हणताना. मठरीची बशी पुढे सरकवताना सरोजजींनाही.

मी उठले. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं. बाहेर ते त्या माणसाला पहिल्यापासून सगळं समजावत होते. काच, प्लास्टिक, कॅन, नळी, काही बरोबर, काही भलतंच, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वैतागून.